साकोलीच्या छतावरची चीड

मी एक जुनी चीड आहे. मित्रांनो, दचकू नका. खेळ अर्धा टाकून अभ्यासाला बसवलं की तुम्हाला येते, ती चीड मी नव्हे. हिमालयाच्या खालच्या डोंगरांवर सुयांसारख्या पानांची उंच झाडं असतात. त्यांतल्या एका जातीचं नाव चीड. माझे भाऊबंद तिकडे आभाळात डोकं खुपसून उभे आहेत. मी मात्र साकोलीला, हायवेच्या मागच्या गल्लीत, एका घराच्या छतावर उथळ थाळीत राहते. माझी सगळी उंची हातभर. आणि मी तिथे स्वस्थ उभी असते असंही समजू नका. हायवेवरून जड ट्रक गेला की छत थरथरतं, छताबरोबर थाळी थरथरते आणि थाळीबरोबर मी. ट्रक तर दिवसभर जातच असतात.

या घरात तीन माणसं. रंजिता, तिचा नवरा धर्मेंद्र आणि धर्मेंद्रची आई चंद्रभागाबाई. घराणं मूळचं पवनीच्या विणकरांचं. धर्मेंद्रचे वडील हातमागावर लुगडी विणत आणि चंद्रभागाबाई जन्मभर चरख्यावर सुताच्या कांड्या भरत. धर्मेंद्रलाही लहानपणी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसवून पाहिलं. त्याला बसवेचना. पाय वळवळायचे, मान दाराकडे वळायची, धागा तुटायचा. मोठा झाल्यावर तो ट्रकवर गेला तो गेलाच. साकोलीला घर केलं तेही हायवे जवळ म्हणून. घरी आला की दुसऱ्याच दिवशी त्याचं लक्ष रस्त्याकडे लागायचं.

घरी असला की तो रंजिताला दूरदूरच्या गोष्टी सांगायचा. डोंगरातले घाट, थंड हवा आणि वाऱ्यात समुद्रासारखा आवाज करणारं चिडांचं रान. रंजिता नागपूरच्या पुढे कधी गेली नव्हती. एकदा ती म्हणाली, "अवो, मले एकदा दाखवा ना तुमचं ते जंगल."

"ट्रकमंदी बाईमाणसाले कसं नेऊ?"

"मंग जंगल इकडे आणा."

"जंगल का पिशवीत येते?"

"बी तं येते ना!"

रंजिताने नागपुरात एका प्रदर्शनात थाळीत वाढवलेला वड पाहिला होता. हातभर उंचीचा, पण पारंब्यांसकट पुरता म्हातारा. तसंच एक पहाडी झाड आपल्या छतावर, आणि तेही बियांपासून स्वतः वाढवलेलं असावं, असं तिच्या मनाने घेतलं. घरात एकटीने वाट पाहायचे दिवस फार होते. हाताला काहीतरी लागतच होतं.

यापुढचं काही मी पाहिलेलं नाही. पण चंद्रभागाबाई छतावर कुरड्या घालायला आल्या की शेजारणींना ते इतक्यांदा सांगायच्या, की मला तोंडपाठ आहे.

पहिल्यांदा धर्मेंद्रने दिल्लीहून चिलगोजे आणले. चिलगोजा हेही आमच्याच कुळातल्या एका झाडाचं बी. रंजिताने मूठभर बिया भिजवल्या, रेतीत पेरल्या, रोज पाणी शिंपडलं. हिवाळा संपला तरी कोंब दिसेना. उरलेले चिलगोजे डब्यात होते. एक दिवस चंद्रभागाबाईंनी सहज दोन तोंडात टाकले आणि ओरडल्या, "रंजिता, हे तं भाजलेले आहेत वो! खारे लागून राहिले!" सगळी गल्ली हसली. रंजिता हसली नाही. ती सरळ भैयाजींच्या नर्सरीत गेली.

भैयाजींची नर्सरी गावाबाहेर हायवेला लागून आहे. वडाचे, उंबराचे बोन्साय करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी तिला नीट समजावलं. "वैनी, चीड, कैल, देवदार, सारे एकसारखे नसतात. पैले सुई पाहाची. जेवढी आखूड सुई, तेवढं लहान झाड मोठं दिसते. मंग साल पाहाची, भेगा पडते का नाही ते. अन् मंग आपलं ऊन पाहाचं."

रंजिताने पहिल्या दोन गोष्टी मनात ठेवल्या आणि तिसरी ऐकली न ऐकली केली.

पुढच्या खेपेला धर्मेंद्र सफरचंदं भरायला कुलूकडे गेला, तिथून कैलाचं बी आलं. कैल म्हणजे आमच्यातली देखणी. निळसर, नाजूक, हाताला मऊ. रोपं उगवली तेव्हा रंजिता दिवसातून दहादा छतावर यायची. मग नवतपा लागला, म्हणजे मे अखेरचे आगीसारखे नऊ दिवस. छताला तळपाय टेकवत नव्हता. एकेक रोप मानेतून वाकलं आणि वाळलं. तिने ओल्या कपड्याची सावली केली, कुंड्या जिन्यात नेल्या, काही उपयोग झाला नाही. डोंगरावरच्या थंडीत वाढणारी जात, तिने इथे तग धरावा तरी कसा?

मग भैयाजींनी कलकत्त्याहून जपानी काळ्या पाइनचं पाकीट मागवलं. हा पाइन ऊनही सोसतो आणि त्याची सुईही आखूड. पण त्याच्या बियांना आधी थंडीत झोपवावं लागतं, तेव्हा कुठे त्या जाग्या होतात. रंजिताने ओल्या कपड्यात गुंडाळून त्या फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्यामागे ठेवल्या. तेव्हा साकोलीत लोडशेडिंगचा कहर होता. फ्रिज अर्धा दिवस बंदच. बियांना थंडी मिळायची आणि पुन्हा गरमी. शेवटी कपडा उघडला तेव्हा आत नुसती बुरशी होती. चंद्रभागाबाई म्हणाल्या, "जाऊ दे ना बाई. कुंद लाव, मोगरा लाव. हे परदेशी लाड आपल्याले नाही जमत." रंजिताने तो कपडा धुऊन वाळत घातला. पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

आता माझी गोष्ट. हिमालयाच्या पायथ्याशी, काठगोदामच्या चढाखाली धर्मेंद्रचा ट्रक माल भरायला थांबला होता. वर एक मोठी चीड होती, माझी आई. तिचं एक लाकडी फळ जमिनीवर पसरलेल्या ताडपत्रीवर पडलं आणि दोरीच्या फासात अडकलं. त्या फळात पाकळी-पाकळीआड आम्ही सगळी भावंडं होतो. उन्हाने फळ वाटेतच उकललं. आमच्या बियांना पंख असतात. कितीतरी भावंडं वाऱ्याने ओढून नेली. ती कुठल्या रस्त्यावर पडली असतील, याचा विचार आला की अजूनही माझ्या सुया शहारतात. मी फळाच्या तळाशी होते, म्हणून पोचले.

रंजिताने ताडपत्रीच्या घडीतलं सगळं सुपात झाडून घेतलं, बिया, वाळक्या सुया आणि तिकडची काळी मातीसुद्धा. भैयाजींनी फळ हातात घेऊन नाक मुरडलं. "हे तं चीड होय. वीतभर लांब सुई. थाळीत ठेवान तं झाडू उभा केल्यासारखं दिसन. कायले मेहनत करता?"

"भैयाजी, उन्हाळ्यात जगन का हे?"

"जगाले तं जगन. खालच्या पहाडातलं आहे, ऊन खाल्लेलं आहे. पण वैनी, दिसाले..."

"मंग हेच," रंजिता म्हणाली. "सुंदर अन् मेलेलं नाही पायजे मले."

मित्रांनो, माझी निवड झाली ती अशी. कौतुकाने नव्हे. पण आपण ज्या कारणासाठी निवडले गेलो ते खरं होतं, एवढा अभिमान मला आहे.

तिने बिया पाण्यात टाकल्या, तरंगल्या त्या काढल्या, बुडल्या त्या पेरल्या. तिकडची काळी माती तिने आमच्या मातीत मिसळली होती. मी उगवले. पहिली काही वर्षं मी एखाद्या करड्या गवताच्या झुपक्यासारखी दिसत होते. चंद्रभागाबाई म्हणायच्या, "पोरी, तू गवताले खत घालून राहिली." पण नवतपा आला आणि गेला, मी हिरवीच होते. मग खोड जाड झालं, सालीला भेगा पडू लागल्या. रंजिता माझे कोंब खुडायची, त्यामुळे सुयाही थोड्या आखूड येऊ लागल्या. भैयाजी येऊन माझ्याभोवती फेरी मारून गेले आणि दुसऱ्या दिवशी भाजक्या मातीची एक रुंद थाळी पाठवून दिली. "पुढच्या हिवाळ्याच्या शेवटी याच्यात बसवा," असा निरोप होता. रंजिताने थाळी पुसून जिन्याखाली ठेवली. ते माझे सुखाचे दिवस होते.

त्याच सुमारास धर्मेंद्र घरी आला आणि पुन्हा गेलाच नाही.

"मालकानं गाडी विकली," त्याने घरात सांगितलं. रंजिताला आनंद झाला. चार दिवस तिने त्याच्या आवडीचं रांधलं. पण त्याचे पाय घरात ठरेनात. तो हायवेपर्यंत जायचा आणि परत यायचा. छतावर चढायचा, कठड्याला धरून रस्त्याकडे पाहायचा आणि उतरायचा. ताटावर बसायचा आणि अर्ध्यातून उठायचा. आईवर खेकसायचा, रंजिताच्या कात्रीच्या आवाजावरही खेकसायचा. चंद्रभागाबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "एक चीड छतावर अन् एक घरात!"

रंजिता त्याला म्हणायची, "अवो, असे काहून फिरून राहिले? दुसरी गाडी पाहा ना. तुमच्यासारखा ड्रायव्हर कोणाले नाही पायजे?"

तिला वाटायचं आपण धीर देतो आहोत. तो मात्र तोंड फिरवून जिना उतरायचा. उतरताना त्याचा हात भिंतीवरून सरकायचा, आणि शेवटची पायरी तो आधी पायाने चाचपायचा. मी हे रोज वरून पाहत होते. पण मला तोंड नव्हतं.

खरी गोष्ट मला पुढे कळली, ती अशी होती. गाडी विकली नव्हती. एका संध्याकाळी, नागझिऱ्याच्या रानाजवळ, रस्त्याच्या कडेने एक माणूस सायकल ढकलत चालला होता. क्लिनर किंचाळला म्हणून धर्मेंद्रने ब्रेक मारला. माणूस थोडक्यात वाचला, पण धर्मेंद्रला तो दिसलाच नव्हता. नागपूरच्या डॉक्टरांनी डोळे तपासून सांगितलं, साखरेने डोळ्यांचे पडदे खराब झाले आहेत, उरलेली नजर औषधाने टिकेल, पण गाडीला हात लावायचा नाही. हे त्याने एकट्याने ऐकलं आणि गिळून टाकलं. घरात कोणालाही सांगितलं नाही. आणि आता रायपूरच्या एका ओळखीच्या माणसाकडे त्याने शब्द टाकला होता. तिथे एक गाडी रिकामी होती आणि डोळ्यांबद्दल विचारणारं कोणी नव्हतं.

एप्रिल संपत आला होता. रंजिताच्या माहेरी, पवनीला लग्न होतं. ती जाताना मला सासूबाईंच्या स्वाधीन करून गेली. धर्मेंद्रने ठरवलं होतं, ती परत येण्याआधी निघायचं. पिशवी भरून झाली. मग तो छतावर आला. निघण्याआधी बायकोसाठी काहीतरी करून जावं, असं त्याला वाटलं असावं. त्याने जिन्याखालची थाळी आणली, मला कुंडीतून उपसलं आणि उन्हात ठेवलं.

मित्रांनो, त्या दुपारची आठवण नको वाटते. त्याने पाइपाने माझ्या मुळांवर पाणी सोडलं. मुळांना पांढुरकं काही लागलेलं हाताला बुळबुळीत वाटलं, ते त्याने घाण समजून रगडून धुतलं. मग सुरीने मुळं छाटली. मेलेली कोणती, जिवंत कोणती, हे त्याने चाचपून ठरवलं. डाव्या अंगाचं माझं जाड मूळ त्याने खोडापासून तोडलं. जुनी माती अंगणातल्या पपईच्या आळ्यात ओतली. थाळीत मला बसवून तो मागे सरला आणि म्हणाला, "आता छान दिसते."

दुसऱ्या दिवशी माझ्या डाव्या सुया फिकट पडल्या. तिसऱ्या दिवशी पिवळ्या. धर्मेंद्रला रंग नीट कळला नाही. सुया हाताला झडू लागल्या तेव्हा कळलं. रायपूरहून फोन येत होता. तो म्हणाला, "दोन दिवस थांब गा, येऊन राहिलो." आणि मला उचलून तो पायी भैयाजींच्या नर्सरीत गेला.

भैयाजींनी माती बाजूला केली आणि ते हबकले. "हे कोणं केलं?"

"मीच. घाण साफ केली, मुळं छाटली."

"घाण? अरे, ती पांढरी बुरशी त्याची माय होय! त्याच्याच भरोशावर चीड अन्न खाते. अन् हे मूळ?" भैयाजींनी त्याचा हात धरून माझ्या जखमेवर टेकवला. "अंगठ्याएवढं जिवंत मूळ, धर्मेंद्र. दिवसाउजेडी तुले हे दिसलं नाही?"

धर्मेंद्र खाली बसला. कुंड्यांच्या रांगेत, मातीतच. बराच वेळ त्याचा हात माझ्या जखमेवरच होता. मग तो हळूच म्हणाला, "नाही दिसलं, भैयाजी. रस्त्यावरचा माणूसबी नाही दिसला."

आणि त्याने सगळं सांगितलं, रानाजवळचा तो माणूस, डॉक्टर, रायपूर. भैयाजी ऐकत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "झाड मरन का जगन, सांगता नाही येत. पण ती जुनी माती शोध. त्याच्यात ते पांढरं असन. अन् ऊन लागू देऊ नको. अन् तू तं आता कुठंच नाही जात."

घरी येऊन धर्मेंद्र पपईच्या आळ्यात गुडघे टेकून बसला. डोळ्यांना काही उमगत नव्हतं. त्याने बोटांनी माती चिवडली आणि वासाने ओळखली. माझ्या आईखालच्या मातीला राळेचा वास होता. मूठमूठ गोळा करून त्याने ती माझ्या मुळांशी घातली. मग ओलं बारदान बांधलं. ऊन सरकायचं तसा तो मला सरकवायचा, टाकीमागे, जिन्यात, पुन्हा टाकीमागे. भर दुपारी तर त्याने मला खोलीत नेऊन कूलरपुढे ठेवलं. चंद्रभागाबाई पदराने वारा घेत म्हणाल्या, "मले उकडून राहिलं अन् हवा झाडाले!" पण स्वतःच उठून त्यांनी कूलरमध्ये पाणी ओतलं.

रंजिता परतली ती थेट छतावर आली. माझं अर्धं अंग तांबडं पडलेलं तिने पाहिलं. पिशवी तिच्या हातातून खाली आली.

"काय केलं तुम्ही हे?" तिचा आवाज फुटला. "किती वर्षांचं झाड आहे माझं! एवढं काय बिघडवलं होतं त्यानं तुमचं?"

"मी जाऊन राहिलो होतो, रंजिता. रायपूरले. गाडीवर." तो तिच्याकडे पाहत नव्हता. "जाताना तुले झाड थाळीत बसवून द्यावं म्हटलं. मूळ दिसलं नाही मले. मले आता काहीच नीट दिसत नाही. गाडी विकली नाही मालकानं. डॉक्टरनं बंद केली."

रंजिता उभीच राहिली. खाली एक ट्रक गेला आणि छत हललं.

"अन् मी तुमाले रोज म्हणून राहिली होती, दुसरी गाडी पाहा," ती म्हणाली. "तुम्ही एक शब्द नाही बोलले."

"काय बोलू? ड्रायव्हरले दिसत नाही, हे बोलू?"

ती खाली बसली, त्याच्यापासून हातभर दूर. रागावलेलीही होती आणि रडतही होती. मग तिने माझं बारदान चाचपलं. ते वाळत आलं होतं. "पाणी आणा," ती म्हणाली. तो उठला. त्याच संध्याकाळी त्याने रायपूरला फोन करून नाही म्हणून सांगितलं. तिने त्याला लगेच माफ केलं असं नाही. कितीतरी दिवस ती त्याच्याशी फक्त माझ्यापुरतं बोलायची, "सरकवा," "शिंपडा," "हात नका लावू." पण पुढच्या महिन्यात ती स्वतः त्याला नागपूरला डोळ्यांच्या औषधासाठी घेऊन गेली.

माझ्या डाव्या अंगाच्या फांद्या गेल्या त्या गेल्याच. रंजिताने त्या कापल्या तेव्हा धर्मेंद्र थाळी धरून उभा होता. उजवीकडच्या दोन फांद्या मात्र जगल्या. मोठा पावसाळा गेल्यावर त्यांना बोटभर पांढरट कोंब आले. धर्मेंद्रला ते दिसले नाहीत, पण रंजिताने त्याचं बोट धरून कोंबावर टेकवलं आणि तो लहान मुलासारखा हसला. भैयाजी म्हणतात, आता मी एका बाजूने वारा खात उभी असल्यासारखी दिसते. थाळीत ठेवलेला झाडू आता कोणी म्हणत नाही.

धर्मेंद्रला अजूनही बसवत नाही. तो सकाळीच नर्सरीत चालत जातो आणि दिवसभर कुंड्या उचलतो, सरकवतो. बी घ्यायला कोणी आलं की तो आधी विचारतो, "तुमच्या घरी ऊन कुठून येते अन् किती येते?" मग बी दाखवतो. येता-जाता तो मलाही थोडं फिरवून ठेवतो. मला ते कधीकधी आवडत नाही. पण मी सोसते.

मित्रांनो, मी हातभर झाड, मी तुम्हाला काय शिकवणार? तरी एक विनवणी करते. बी निवडताना चित्रातलं झाड पाहू नका, आपला उन्हाळा पाहा. मुळाशी जे काही दिसेल ते घाण समजून धुऊन टाकू नका. आणि तुमच्या घरात कोणी सारखं येरझाऱ्या घालत असेल, दारापर्यंत जाऊन परत येत असेल, उगाच खेकसत असेल, तर त्याला गप्प बसायला सांगू नका. जवळ जा आणि विचारा, काय होतं तुम्हाला? एकदा सांगितलं नाही, तर पुन्हा विचारा. धर्मेंद्रला हे कोणी वेळेवर विचारलं असतं, तर माझी डावी बाजू आज हिरवी असती.